उन्हाळ्यातली व्हीगन ओपन सँडविच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की घरोघरी तेच सुरू होतं, जेवण जात नाही, गॅसपुढे उभं राहवत नाही, काहीतरी गार आणि ताजं द्या. त्यात हल्ली बऱ्याच घरांत कुणीतरी दूध-दही-चीज बंद केलेलं असतं, कुणाला पचत नाही म्हणून तर कुणाला जनावरांचं बघवत नाही म्हणून. ओपन सँडविच या दोन्हीवर फार छान उपाय आहे असं मी मनापासून मानते, कारण त्यावर घालायला जे लागतं ते जवळजवळ सगळं आपल्या चैत्र-वैशाखाच्या स्वयंपाकात आहेच आणि त्यातलं बरंचसं मुळातच व्हीगन आहे, म्हणजे दूध, अंडं, मध असं जनावरांकडून येणारं काहीच त्यात नाही. जे प्रश्न मला सारखे विचारले जातात ते खाली घेतलेत.

ओपन सँडविच म्हणजे वरचा ब्रेड काढून टाकला की झालं का?

तसं केलं तर खाताना सगळं मांडीवर सांडेल. बंद सँडविचमध्ये वरचा ब्रेड दाबून धरायचं काम करतो, इथे तो नाही, त्यामुळे खालचा ब्रेड कडक हवा, त्याच्यावर एक चिकट थर हवा ज्यात बाकीचं रुतून बसेल, आणि मग वर ताजं कच्चं काहीतरी. डेन्मार्कमध्ये हा रोजच्या जेवणातला प्रकार आहे, तिथे राय नावाच्या धान्याचा दाट काळपट ब्रेड घेतात, त्यावर लोण्याचा चांगला जाड थर लावतात आणि मग वरचं सामान रचतात, आणि चक्क काटा-सुरीने खातात. त्यांचा तो लोण्याचा थर चवीसाठी तर आहेच पण वरच्या वस्तूंचं पाणी ब्रेडमध्ये उतरू नये म्हणूनही आहे. आपल्याला लोणी वापरायचं नाहीये, पण ते काम कुणीतरी करायलाच हवं, हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

ब्रेड दहा मिनिटांत ओला होऊन वाकतो, काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि याचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण उन्हाळ्यातल्या भाज्या म्हणजे पाणीच पाणी, काकडी, टोमॅटो, कैरी, कलिंगड, सगळं गळणारं.

पहिलं म्हणजे ब्रेड भाजायचा. नुसता गरम करायचा नाही, मंद आचेवर लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी बदामी होईपर्यंत, टोस्टरमध्ये केला तरी चालतो पण तव्यावर थोडं शेंगदाणा तेल सोडून भाजलेला जास्त वेळ टिकतो. आता यातली जी गोष्ट बहुतेक जण करत नाहीत ती ही की भाजलेला ब्रेड सरळ ताटलीत ठेवायचा नाही. गरम ब्रेडमधून वाफ निघत असते, ती खाली ताटलीला लागून पाणी होते आणि तुम्ही एवढा भाजलेला ब्रेड खालून मऊ पडतो. जाळीवर ठेवा, जाळी नसेल तर दोन टोस्ट एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय काहीही लावू नका.

दुसरं, थर. दाण्याचा कूट तेलात कालवून, घरचं पीनट बटर, तिळाची पेस्ट, काजूची पेस्ट, यातलं काहीही, पण कडेपर्यंत लावायचं. मधोमध गोळा ठेवून पसरल्यासारखं केलं की कडा उघड्या राहतात आणि पाणी तिथूनच शिरतं.

तिसरं, मीठ सगळ्यात शेवटी. काकडीला मीठ लागलं की पाच मिनिटांत ती पाणी सोडते, त्यामुळे एकतर मीठ वाढताना भुरभुरवा, नाहीतर उलट करा, काकडी किसून आधीच मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग घट्ट पिळून घ्या, ते पाणी पन्ह्यात किंवा कणकेत जाऊ दे. टोमॅटो घेतला तर मधला बियांचा बुळबुळीत भाग चमच्याने काढून टाका.

कुठला ब्रेड घ्यायचा?

साधा पांढरा स्लाइस ब्रेड चालतो पण तो पातळ असतो, भाजून घेतला तरी फार वजन पेलत नाही. दाट ब्रेड मिळाला तर उत्तम. ब्राउन ब्रेड घेताना मागची यादी वाचा, पहिला घटक आटा आहे की मैदा ते बघा, कारण रंग पुष्कळदा कॅरॅमलचा असतो.

मुंबई-पुण्याकडे इराणी बेकऱ्यांमधला कडक कवचाचा ब्रुन पाव या कामाला झकास, आडवा कापायचा आणि कापलेली बाजू तव्यावर दाबून भाजायची. लादी पाव फार मऊ, तो वडापावलाच शोभतो. गोव्यात असाल किंवा तिथून कुणी येणार असेल तर पोई आणायला सांगा, ती कोंडा लावलेली, गोल, आतून पोकळ असते, दोन चकत्या वेगळ्या केल्या की दोन पातळ खमंग तळ तयार होतात, आतली खरबरीत बाजू वर ठेवायची म्हणजे चटणी तिला छान धरून राहते. सकाळी सायकलवर हॉर्न वाजवत येणाऱ्या पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची ताजी पोई असेल तर भाजायचीही घाई करू नका, आधी एक तशीच खा.

भाकरीवर चालेल का?

चालेल काय, माझ्या मते तीच सगळ्यात चांगली! सोलापूरची कडक भाकरी मिळते बघा, पापडासारखी पातळ वाळवलेली ज्वारीची किंवा बाजरीची, पाकिटात कितीतरी दिवस टिकते आणि कुठेही नेता येते. ती म्हणजे तयार कुरकुरीत तळच आहे, भाजायचं काम नाही, गॅसही नको. फक्त ती ठिसूळ असते म्हणून हाताने तळहाताएवढे तुकडे करून घ्यायचे आणि थर लावताना खाली बोटांनी आधार द्यायचा. त्यावर लाल शेंगदाण्याची चटणी तेलात कालवून, वर पातळ चिरलेला पांढरा कांदा आणि काकडी. घरची शिळी भाकरी असेल तर मंद तव्यावर कापडाने दाबत दाबत कडक करून घ्या, तीही छान होते.

ज्वारी-बाजरीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन नसतं, त्यामुळे गहू न चालणाऱ्यांना हा चांगला पर्याय आहे. पण घरात कुणाला खरोखर सीलिॲक, म्हणजे ग्लूटेन अजिबात न चालणारा आजार असेल तर पीठ कुठे दळलंय ते बघावं लागतं, गिरणीत आधी गहू दळलेला असला की तो पिठात येतोच. आणि आपल्या रोजच्या डबीतल्या हिंगातही बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, ते विसरू नका.

हिरवा ठिपका आहे म्हणजे व्हीगन आहे ना?

नाही. हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाला मिळतो आणि त्यात दूध, दूध पावडर, तूप, मध सगळं असू शकतं. व्हीगनसाठी एफएसएसएआयने, म्हणजे भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली वेगळे नियम आणले आणि वेगळं चिन्ह दिलं, हिरव्या चौकटीत व्ही अक्षर आणि त्याला छोटं पान. ते असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर घटकांची यादी वाचायची, ब्रेडमध्ये मिल्क सॉलिड्स शोधायचे. एगलेस मेयो म्हणजे फक्त अंडं नाही एवढंच, दुधाचे पदार्थ त्यात बऱ्याचदा असतात. बेकरीतला सुटा पाव असेल तर बेकरीवाल्याला सरळ विचारा, पिठात दूध आहे का आणि वरून काय लावता, कारण चमक यावी म्हणून काही जण दूध किंवा बटर लावतात.

बटर नाही, चीज नाही, मग चव येणार कुठून?

आंबेडाळीतून येणार! चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर जी वाटली डाळ देतात तिच्यात दुधाचा थेंब नसतो, आंबट-तिखट-खमंग सगळं एकत्र असतं आणि ती पिढ्यान् पिढ्या नेमकी याच दिवसांत केली जाते. मला खरंच वाटतं की ब्रेडवर लावायला यापेक्षा चांगलं काही नाही आणि आपण मात्र महागडे डबे शोधत बसतो.

ओपन सँडविचसाठी करताना एक वाटी हरभरा डाळ चार-पाच तास भिजवा, मग चाळणीत किमान अर्धा तास निथळू द्या, निथळण्यात कंजूषी करू नका. दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि मीठ घालून पाणी न घालता वाटा. नेहमीच्या आंबेडाळीपेक्षा किंचित बारीक वाटायची म्हणजे ब्रेडवरून घरंगळत नाही, पण पेस्ट करू नका, दाताखाली डाळ लागायला हवी. त्यात अर्धी वाटी किसलेली कैरी, कैरी किती आंबट आहे त्यावर कमी-जास्त, चिमूटभर साखर, आणि मग तीन चमचे तेलाची फोडणी, मोहरी, हिंग, हळद, दोन सुक्या मिरच्या. फोडणी जरा गार झाल्यावर घाला. तेलात हात आखडता घेतला तर डाळ कोरडी होते आणि घशाला लागते, शिवाय हेच तेल ब्रेडला पाण्यापासून वाचवतं. टोस्टवर बोटाच्या पेराएवढा जाड थर, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि हवे असतील तर डाळिंबाचे दाणे.

कच्ची भिजवलेली डाळ जड असते हे खरं, ज्यांना त्रास होतो त्यांनी डाळ वाटून पाच-सात मिनिटं वाफवून घ्यावी, चव थोडी बदलते पण बिघडत नाही.

आंबेडाळ झाली, अजून काय काय लावता येईल?

खूप काही. खमंग काकडी आपल्याकडे दही न घालताही करतात, दाण्याचा कूट, लिंबू, मिरची, खोबरं आणि वरून फोडणी, फक्त काकडी आधी पिळून घ्या. कैरी-कांद्याचा तक्कू, गूळ घातलेला, हा पीनट बटरवर इतका सुंदर लागतो की एकदा कराच. ठेचा नुसता लावू नका, डोळ्यांतून पाणी येईल, दोन चमचे तिळाच्या पेस्टमध्ये अर्धा चमचा ठेचा असं प्रमाण ठेवा. जवस, कारळं, तीळ यांच्या कोरड्या चटण्या थर म्हणून लावायच्या असतील तर तेलात कालवा, नाहीतर शेवटी वरून भुरभुरवा, कोरडी चटणी थोडंफार पाणीही शोषून घेते.

हिरवी चटणी मुंबईच्या सँडविचवाल्यांसारखी दाट हवी असेल तर वाटताना मूठभर डाळं घाला, ते पाणी धरून ठेवतं, आणि साध्या पाण्याऐवजी बर्फाचा खडा टाका म्हणजे मिक्सर तापून चटणी काळपट होत नाही. त्यावर उकडलेला बटाटा, बीट, काकडी, कांदा आणि वरून चाट मसाला, झालं मुंबई सँडविच, फक्त उघडं. बटाटा-बीट सकाळीच उकडून फ्रिजमध्ये टाका, दुपारी गार गार वापरा.

कांद्याबद्दल एक सांगायचंय. कच्चा कांदा या सँडविचमध्ये समोरच असतो, लपत नाही, त्यामुळे तो उग्र असेल तर बाकी सगळं मारून टाकतो. अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्यात बाजारात असतो, रस्त्याकडेला माळा टांगलेल्या दिसतात, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला कांदा आहे, गोडसर आणि फार कमी तिखट. तो मिळाला तर दुसरा घेऊच नका. नाही मिळाला तर साधा कांदा पातळ उभा चिरून कोकमाच्या आगळात वीस मिनिटं बुडवा, आगळ खारट-आंबट असतं त्यामुळे वेगळं मीठ, व्हिनेगर काही नको, कांद्याचा उग्रपणा जातो आणि रंग असा गुलाबी येतो की त्या एका गोष्टीने ताटली उठून दिसते. घालताना मात्र पिळून घाला.

क्रीम चीजसारखं काहीतरी हवंय, घरी होतं का?

होतं, दोन तऱ्हांनी.

सोपी म्हणजे काजूची. एक वाटी काजू तुकडा, अख्खा काजू घ्यायची काही गरज नाही, चार तास भिजवून, निथळून, लिंबाचा रस, मीठ, एक लसूण पाकळी आणि अगदी दोन-तीन चमचे पाणी घालून गुळगुळीत वाटायचं. मिक्सरचं छोटं भांडं घ्या आणि मधे मधे थांबून कडेचं खाली ढकला. कोकणात असाल आणि ओले काजू मिळत असतील तर भिजवायचीही गरज नाही, पण ते सोलताना चीक हाताला लागून कातडी जाते, म्हणून गरम पाण्यात टाकून मग सोला आणि हाताला खोबरेल तेल चोपडून घ्या. वेंगुर्ल्याकडे ज्यांचं घर आहे त्यांना हे सांगायला नको.

दुसरी तऱ्हा स्वस्त आणि मला जास्त आवडणारी, शेंगदाण्याच्या दह्याचा चक्का. एक वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवून सालं काढा, अडीच-तीन वाट्या पाण्यात वाटा, कापडातून गाळा, हे दूध ढवळत ढवळत उकळा कारण तळाला लागतं, कोमट झालं की देठासकट पाच-सहा हिरव्या मिरच्या धुऊन त्यात बुडवून झाकून ठेवा. उन्हाळ्यात आठ-दहा तासांत लागतं. पहिलं दही जरा सैल येतं, त्याचंच विरजण लावून दुसरं लावा, ते घट्ट होतं. मग कापडात टांगून चक्का करायचा, पण टांगायचा तो फ्रिजमध्ये, ओट्यावर टांगलात तर दोन तासांत आंबटढाण होईल. दाण्याचा वास राहतो हे आधीच सांगते, जिरेपूड, काळं मीठ आणि पुदिना घातला की तो झाकला जातो.

अव्होकाडो टोस्टला देशी पर्याय काय?

अव्होकाडोचं काम म्हणजे मऊपणा आणि स्निग्धपणा. उकडलेले काबुली चणे, तिळाची पेस्ट, लिंबू आणि तेल घालून जाडसर कुस्करा, तो मऊपणा मिळतो आणि प्रोटीनही. बाकी अव्होकाडो परवडत असेल, आवडत असेल तर खुशाल खा.

याने पोट भरतं का? आमच्या सासूबाई म्हणतात हा नाश्ताही नाही आणि जेवणही नाही.

नुसती काकडी-टोमॅटो ठेवली तर सासूबाईंचं बरोबर आहे. म्हणून प्रत्येक सँडविचवर एक तरी डाळ, दाणे किंवा सोया हवंच. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे दोन चमचे भरून दाण्याचा थर म्हणजे सात-आठ ग्रॅम झालं, त्यावर आंबेडाळ किंवा वाफवलेले मूग घातले की दोन सँडविच आणि पन्ह्याचा ग्लास हे व्यवस्थित दुपारचं जेवण होतं. टोफू (सोयाचं पनीर) घेत असाल तर तो फडक्यात बांधून वर जड काहीतरी ठेवून अर्धा तास पाणी काढा, मग हाताने कुस्करून काळं मीठ, हळद, कांदा, मिरची घालून तव्यावर परता, काळ्या मिठाने अंड्याच्या भुर्जीसारखा वास येतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे, पूर्ण व्हीगन असणाऱ्यांना बी१२ हे जीवनसत्त्व जेवणातून मिळत नाही, कुठलंही सँडविच ते देणार नाही, डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.

मोड आलेले मूग-मटकी कच्चेच घालू का? त्यातच जीवनसत्त्वं असतात ना?

उन्हाळ्यात तरी नका घालू. मोड येण्यासाठी जी उब आणि ओल लागते तीच जंतूंनाही आवडते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय या जंतूची मोठी साथ पसरली होती, पन्नासच्या वर माणसं दगावली, तीही स्वच्छतेच्या बाबतीत इतक्या काटेकोर देशात. आपल्याकडे मे महिन्यात मटकीला रात्रीत लांब मोड येतात आणि तितक्याच लवकर ती बुळबुळीत होऊन वास मारायला लागते. पाच मिनिटं चांगली वाफवा, पसरून गार करा, कोरडी झाली की लिंबू-मीठ लावून वापरा. कुरकुरीतपणा बऱ्यापैकी राहतो. घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं असतील तर यात तडजोड नको.

ऑफिसच्या डब्यात नेता येईल का?

तयार करून नेऊ नका, सामान न्या. टोस्ट पूर्ण गार झाल्यावर कागदात गुंडाळून एका डब्यात, थर लावायचं दुसऱ्या छोट्या डबीत, भाज्या तिसरीत, आणि मीठ-मसाला पुडीत. जेवायच्या वेळी दोन मिनिटांत रचून होतं आणि सहकारी डोकावतातच, म्हणून दोन टोस्ट जास्त टाका. डब्याच्या पिशवीत आईस पॅक नसेल तर पाण्याची छोटी बाटली रात्री फ्रीझरमध्ये टाका, सकाळी तीच पिशवीत ठेवा, दुपारी प्यायला गार पाणीही होतं.

नागपूरला ४५ डिग्री असतं, बाहेर किती वेळ टिकेल?

अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक सोपा नियम आहे, शिजवलेलं किंवा चिरलेलं खाणं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात मे महिन्यात घरातसुद्धा ३२ च्या वरच असतं, त्यामुळे एक तास हेच धरून चाला. ओल्या खोबऱ्याचं काहीही असेल तर आणखी सांभाळा, ते सगळ्यात आधी आंबतं. प्रवासाला जायचं असेल तर खोबरं, काजूची पेस्ट, चक्का बाद, कडक भाकरी, कोरडी चटणी, तेलाची छोटी बाटली आणि अख्खी काकडी-कांदा न्या, चिरायचं तिथे जाऊन.

दहा-पंधरा माणसं येणार आहेत, आधी काय करून ठेवू?

आदल्या रात्री डाळ भिजवा, बटाटे-बीट उकडा, हिरवी चटणी आणि काजूची पेस्ट करून फ्रिजमध्ये टाका. सकाळी ब्रेड भाजून जाळीवर गार करा आणि हवाबंद डब्यात भरा, संध्याकाळपर्यंत कुरकुरीत राहतो. आंबेडाळ दुपारी. कांदा आगळात शेवटच्या अर्ध्या तासात. आणि रचायचं काम पाहुण्यांवरच सोडा, टेबलावर वाट्या मांडा, प्रत्येकाला आपलं आपण करू द्या. मुलं तर यात रमतात, एरवी काकडीला नाक मुरडणारं पोर स्वतःच्या हाताने रचलेलं गपचूप खातं. पाहुण्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते मात्र आधीच फोन करून विचारा, आपल्या स्वयंपाकात दाण्याचा कूट इतक्या ठिकाणी जातो की आपल्याला तो घातल्याचं लक्षातही राहत नाही. तसं कुणी असेल तर त्या दिवशी दाणे टेबलावरच आणू नका, थराला काजूही नको, भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बियांची पेस्ट करा.

गोड प्रकार होतात का?

आंब्याच्या दिवसांत हे विचारायचं असतं का! भाजलेल्या ब्रेडवर पीनट बटर, त्यावर हापूसच्या पातळ फोडी, वर दोन थेंब काकवी आणि अगदी चिमूटभर मीठ. मध व्हीगन नाही, आणि काकवी असताना मधाची आठवणही येत नाही. पायरी रसाळ असतो, त्याच्या फोडी नीट पडत नाहीत, त्याचा आपला रसच करावा. फोडी कापल्या की पेपर नॅपकिनवर दोन मिनिटं ठेवून मग रचा. ताडगोळे मिळाले तर सोलून बारीक काप करून खोबऱ्याच्या दाट दुधाबरोबर, हे मात्र ताबडतोब खायचं. कलिंगड सँडविचवर घालायच्या भानगडीत पडू नका, ते नुसतंच छान.

आम्ही परदेशात राहतो, कैरी मिळत नाही.

हिरवं आंबट सफरचंद किसून त्यात लिंबू जास्त पिळा, आंबेडाळ त्यावर बऱ्यापैकी निभावते, फक्त सफरचंद लगेच काळं पडतं म्हणून किसताकिसता लिंबात टाका. भारतीय दुकानांत फ्रोझन कैरी मिळते, ती वितळल्यावर पिळून घ्या. आणि तुमच्याकडे राय ब्रेड सहज मिळत असेल तर तुमची चैनच आहे, त्याच्या आंबूस चवीवर लसणाची लाल चटणी आणि उकडलेला नवा बटाटा लावून बघा.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवावा का? बाहेर बुरशी येते.

फ्रिजमध्ये बुरशी उशिरा येते पण ब्रेड लवकर शिळा आणि चिवट होतो, थंडीत त्यातला स्टार्च घट्ट होत जातो. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये, स्लाइस सुटे होतील असे. फ्रीझरमधून काढून तसाच तव्यावर टाकला तरी चालतो, वितळायची वाट बघायला नको. एका स्लाइसवर जरी बुरशी दिसली तरी तेवढाच काढून बाकीचा वापरू नका, पूर्ण पाकीट टाका.

उरलेलं दुसऱ्या दिवशी खाता येईल का?

रचलेलं सँडविच नाही. वरचं सामान फ्रिजमध्ये असेल तर हो. आंबेडाळ त्याच दिवशी संपवलेली बरी, उरलीच तर रात्री तेलावर चांगली परतून घ्या, पोळीबरोबर भाजीसारखी लागते, किंवा थालीपिठाच्या पिठात मळा. हिरवी चटणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागेल तसा एकेक तुकडा काढा. काजूची पेस्ट दोन-तीन दिवस जाते. आगळातला कांदा दुसऱ्या दिवशी जास्तच मुरतो, तो वरण-भाताबरोबर घ्या, आणि उरलेलं आगळ टाकू नका, त्यात पाणी, जिरं आणि थोडी साखर घातली की दुपारचं सरबत झालं, कांद्याचा हलका वास येतो पण तो मला तरी आवडतो.